खानदेशच्या वाटेने सुरतेची वखार

सुरत शहराच्या कतारगाम भागात इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या पहिल्या वसाहतीची जी काही बांधकामे आज उभी आहेत, त्यांत सर्वांत भारदस्त तीच. ज्या वखारीत ही माणसे राहिली, जेवली, हिशेब लिहीत बसली, ती वखार काळाच्या ओघात गेली. तिथल्या मृतांसाठी बांधलेले घुमट मात्र टिकले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ही जागा संरक्षित स्मारक म्हणून जपली आहे. बहुतेक प्रवासी सुरतेला मुंबईहून जातात आणि पुस्तकेही वाचकाला तिथे जहाजाने, समुद्राच्या बाजूने नेतात. पण ही वसाहत कशावर जगत होती हे समजून घ्यायचे तर खानदेशातून, कापसाच्या काळ्या जमिनीतून निघून तापीच्या उताराने सुरतेला पोचणे अधिक योग्य. पारोळा याच वाटेवर आहे. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, नवापूर, सुरत असा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो आणि पारोळ्याहून सुरत सुमारे अडीचशे किलोमीटरवर येते.

इंग्रज वसाहतीचे खानदेशातले टोक म्हणजे धरणगाव. पारोळ्याहून एरंडोलमार्गे ते तीसेक किलोमीटर भरते. बालकवी ठोमरे यांचे जन्मगाव म्हणून मराठी वाचक ते ओळखतात; पण त्याआधी दोन शतके ते कापडासाठी प्रसिद्ध होते. १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीने इथे वखार घातली. इथले बाफ्ते, म्हणजे सुती कापडाचे ठाण, सुरतेच्या व्यापाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते आणि दलालांमार्फत ते इंग्रजांपर्यंत पोचतही होते. विणकराच्या दारात स्वतःचा माणूस बसवला तर माल स्वस्त पडतो आणि ठाणाची लांबी-रुंदी समोर मोजून घेता येते, एवढा साधा हिशेब या वखारीमागे होता.

तो हिशेब फार दिवस चालला नाही. खानदेश तेव्हा मोगलांचा सुभा होता आणि मोगली मुलखातली श्रीमंत पेठ मराठी फौजांच्या वाटेत येणे अटळ होते. १६७५ मध्ये धरणगाव लुटले गेले आणि त्यात इंग्रजांची वखारही सापडली. कंपनीने भरपाईसाठी महाराजांच्या दरबारी बोलणी लावली. राजापूरच्या वखारीच्या लुटीचे गाऱ्हाणे आधीच चालू होते, त्यात हे दुसरे पडले. १६७९ मध्ये गाव पुन्हा लुटले गेले. त्या सुमारास धरणगाव या भागातल्या सर्वांत भरभराटलेल्या पेठांपैकी एक होते. पुढे १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी ते लुटून जाळले. अकरा वर्षांत तीन आघात झाल्यावर अशा आडबाजूच्या पेठेत वखार चालवणे परवडण्यासारखे राहिले नाही. त्या वखारीची म्हणून दाखवता येईल अशी भिंत आज धरणगावात उभी नाही. तरीही सुरतेच्या प्रवासाला आरंभ इथूनच करावा, कारण सुरतेच्या गोदामात पडणारे गठ्ठे अशाच गावांतून बांधून येत.

धरणगावाशी इंग्रजांचा दुसरा संबंध आला तो दीडशे वर्षांनी, आणि तो व्यापारी म्हणून नव्हे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने इथे भिल्ल पलटण उभी केली. सातपुड्यात आणि सातमाळ्यात कंपनीच्या राज्याला न जुमानणाऱ्या भिल्लांना त्यांच्यातल्याच माणसांची फौज करून काबूत आणावे, असा तो बेत होता. ठाण मोजून घेणाऱ्यांच्या जागी कवायत घेणारे आले. कंपनीचे हिंदुस्थानातले स्थित्यंतर एकाच गावात इतके उघडपणे दिसावे, अशी गावे महाराष्ट्रात थोडी आहेत.

पारोळ्याचा किल्ला या कथेचा शेवटचा भाग सांगतो. हा भुईकोट १७२७ मध्ये जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी बांधला. त्याआधी इथे जेमतेम पन्नास घरांचे खेडे होते, असे सांगतात. किल्ला सुमारे ५२५ फूट लांब आणि ४३५ फूट रुंद. भोवती खंदक, दरवाजापुढे उचलता येणारा पूल, कोपऱ्यांना भक्कम बुरूज आणि आत महादेवाचे मंदिर, अशी त्याची रचना होती. मैदानी मुलखातल्या किल्ल्याला डोंगराचा आधार नसतो. पाणी आणि तट यांवरच सारी भिस्त असते. बाजारपेठ किल्ल्याच्या अंगावर आल्यामुळे आज त्याचा पूर्ण आकार एका नजरेत येत नाही. तटाच्या कडेने चालत गेले तरच बांधणाऱ्यांनी किती जागा वेढली होती याचा अंदाज येतो.

झाशीच्या नेवाळकर घराण्याची एक शाखा पारोळ्याची. राणी लक्ष्मीबाई आणि गंगाधरराव यांनी १८५३ मध्ये दत्तक घेतलेले दामोदरराव हे या पारोळकर नेवाळकरांचेच मूल. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला राजकीय अधिकारी झाला. १८२१ मध्ये याच ब्रिग्जचा जीव घेण्याचा प्रयत्न पारोळ्यात झाला. १८५७ च्या उठावात किल्ल्याच्या मालकांवर कंपनी सरकारशी बेइमानी केल्याचा ठपका आला आणि १८५९ मध्ये किल्ला जप्त करून त्याची तटबंदी मोडण्यात आली. पारोळ्यात जे पडझडीचे अवशेष दिसतात ते सगळे वाऱ्यापावसाने झालेले नाहीत, हे पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे. ज्यांनी सुरतेत मोगलांच्या परवानगीने भाड्याच्या घरात संसार मांडला, त्यांच्याच वारसदार इंग्रज सरकारने सुमारे अडीचशे वर्षांनी इथे किल्ले पाडण्याचे हुकूम काढले.

पारोळ्याहून धुळे पस्तीसेक किलोमीटर. ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले तेव्हा, १८१९ मध्ये, तिथे जेमतेम अडीच हजार वस्ती होती. नव्या पेठेची आखणी त्याच्या काळातली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच झाले आणि पुढल्या वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. सुरतेकडे जाणाऱ्याने त्याचा संग्रह पाहून पुढे जावे.

धुळ्यानंतर आजचा महामार्ग साक्री, दहिवेलवरून कोंडाईबारीचा घाट उतरतो आणि विसरवाडी, नवापूरला जातो. सतराव्या शतकातले काफिले मात्र बहुधा उत्तरेकडून, तापीच्या जवळून जात. बुऱ्हाणपूर, चोपडा, थाळनेर, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बार्डोली आणि सुरत ही त्या वाटेवरची मुख्य ठिकाणे. कंपनीचा विल्यम हॉकिन्स १६०९ मध्ये बुऱ्हाणपूरवरूनच आग्र्याला गेला. विल्यम फिंचने १६१० च्या सुमारास या वाटेवरचे मुक्काम एकेक करून लिहून ठेवले. राजा जेम्सचा वकील टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरतेहून निघाला आणि नोव्हेंबरच्या मध्याला बुऱ्हाणपुरास शहाजादा परवेझसमोर उभा राहिला. दोन आठवड्यांचा हा प्रवास बराचसा खानदेशातून झाला. इंग्लंडच्या राजाच्या पहिल्या अधिकृत वकिलाने सुरतेबाहेरचा हिंदुस्थान पाहिला तो आधी नंदुरबार आणि बुऱ्हाणपूरकडचा.

तापीसारखी मोठी नदी असताना माल बैलांच्या पाठीवर का जाई, हा प्रश्न इथे सहज पडतो. खानदेशात तापी खोल दरडींतून वाहते, पात्रात खडक आहेत, धबधबे आहेत आणि उन्हाळ्यात पाणी आटते. सुरतेच्या वर थोड्या अंतरापर्यंतच होड्या येत; त्यापुढे गाडी, बैल किंवा उंट. म्हणून नदीने दिशा दाखवली, पण ओझे वाहिले ते जनावरांनी. नवापूर परिसराची एक खूण फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने टिपून ठेवली आहे. इथला तांदूळ बारीक दाण्याचा असतो आणि त्याला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने लिहिले. या भागात आजही पावसाळ्यात भातखाचरे हिरवी होतात आणि पूर्व खानदेशातून येणाऱ्याला भूमी बदलल्याची जाणीव तिथेच होते. कापूस आणि ज्वारी मागे राहते. साग, बांबू, भात सुरू होतो. नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे.

या वाटेची दुसरी आठवण दुःखाची आहे. १६३० मध्ये पाऊस पडला नाही आणि गुजरात, खानदेश, दख्खन भीषण दुष्काळात सापडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पीटर मंडी हा कंपनीचा नोकर सुरतेहून आग्र्याला निघाला. वाटेवर आणि नंदुरबारात त्याने प्रेतांचे खच पाहिले आणि नोंदवले. विणकर मेले किंवा गाव सोडून गेले. कापडाचा व्यापार पुढे कित्येक वर्षे सावरला नाही. सुरतेच्या वखारीतली माणसेही दुष्काळामागून आलेल्या साथीत मोठ्या संख्येने दगावली. वखारीची भरभराट खेड्यांवर किती अवलंबून होती, हे कंपनीला त्या दोन वर्षांत कळले.

नवापूरनंतर सोनगड लागते. पिलाजीराव गायकवाडांनी इथल्या डोंगरी किल्ल्यावर ठाणे केले आणि बडोद्याच्या गायकवाडांचे पहिले राजकीय केंद्र हेच होते. पुढे व्यारा, बार्डोली आणि सपाट, पाण्याची मुबलकता असलेला उसाचा मुलूख ओलांडून रस्ता सुरतेत शिरतो. ज्यांना रेल्वे बरी वाटते त्यांच्यासाठी पारोळ्याजवळचे स्टेशन अमळनेर. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेली तापी खोऱ्यातली ही रेल्वे धरणगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर करीत सुरतेजवळ उधन्याला मिळते. जुन्या काफिल्यांच्या वाटेशी तिचे नाते महामार्गापेक्षाही जवळचे आहे.

सुरतेतली इंग्रज वसाहत १६०८ मध्ये सुरू झाली असे म्हणतात ते हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज त्या वर्षी ऑगस्टमध्ये इथे लागले म्हणून. प्रत्यक्ष वखार स्थिर झाली ती १६१२–१३ मध्ये. १६१२ च्या अखेरीस टॉमस बेस्टच्या जहाजांनी सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीज गलबतांना मागे हटवले, तेव्हा मोगल अंमलदारांना या नव्या टोपीकरांचा उपयोग दिसला आणि व्यापाराचा परवाना मिळाला. याच काळात, १६०७ मध्ये, इंग्रजांनी अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर जेम्सटाउन वसवले होते. तिथे त्यांनी कुंपण घालून जमीन धरली, शेती केली, मूळ रहिवाशांशी लढाया केल्या. सुरतेत त्यांच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती. शहर मोगलांचे, किल्ला मोगलांचा, जकात मोगलांची. व्यापारात वीरजी व्होरासारखे सावकार इतके गब्बर की कंपनीच त्यांच्याकडून कर्ज काढी. इंग्रजांच्या एकाच पिढीने जगाच्या दोन टोकांना घातलेल्या या दोन वसाहती इतक्या निराळ्या का झाल्या, याचे उत्तर समोरच्या सत्तेच्या बळात आहे. मोगलांच्या सुरतेत इंग्रज हा अनेक भाडेकरूंपैकी एक होता.

वखारीचे जीवन शिस्तीचे होते. खाली गोदाम, वर राहण्याच्या खोल्या, मध्ये चौक, प्रार्थनेची जागा आणि रात्री बंद होणारा मोठा दरवाजा. कारकुनापासून अध्यक्षापर्यंत पायऱ्या ठरलेल्या. जेवण एकत्र, बसण्याचा क्रम हुद्द्याप्रमाणे. स्वयंपाकघरात इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी आचारी, असे पाद्री ऑव्हिंग्टनने लिहिले आहे. सारा व्यवहार दलालांच्या हातून चाले. १६६० नंतरच्या काळात भीमजी पारेख हा कंपनीचा मुख्य दलाल होता. देवनागरी छापखाना काढावा अशी खटपट त्याने केली आणि १६७४ मध्ये त्यासाठी इंग्लंडहून मुद्रकही आला.

कायमची वखार कशासाठी लागे, याचे उत्तर पावसाच्या वेळापत्रकात आहे. युरोपची जहाजे पावसाळा संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात येत आणि जानेवारी-फेब्रुवारीत परतत. जहाजे बंदरात उभी असताना कापड घ्यायला गेले की भाव चढत. म्हणून पैसे मागे ठेवायचे, पावसाळ्यात बंदर ओस असताना दलालांमार्फत गावोगावच्या विणकरांना आगाऊ रक्कम द्यायची, आणि जहाजे येईपर्यंत गठ्ठे तयार ठेवायचे, ही पद्धत बसली. ती चालवण्यासाठी वर्षभर कोणीतरी तिथे राहणे भाग होते. धरणगावची वखार याच साखळीची आतली कडी. आगाऊ रकमेने विणकराला सूत घ्यायला पैसा मिळे, पण त्याच रकमेने तो बांधलाही जाई.

मराठी वाचकाला सुरत माहीत असते ती १६६४ आणि १६७० च्या लुटींमुळे. ६ जानेवारी १६६४ रोजी महाराज शहराबाहेर उतरले, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन लपला. इंग्रज अध्यक्ष जॉर्ज ऑक्झिंडेनने सुवाळीच्या जहाजांवरचे खलाशी बोलावून वखार लढवली. वीरजी व्होराचे वाडे लुटले गेले, वखार वाचली. औरंगजेबाने खूश होऊन कंपनीला जकातीत सवलत दिली. १६७० च्या ऑक्टोबरातल्या दुसऱ्या स्वारीत स्ट्रेन्शॅम मास्टरने वखार सांभाळली. पण शहराच्या पेढ्यांचा विश्वास उडाला होता. मुंबई बेट कंपनीच्या हाती आलेच होते. तिथे मोगल सुभेदाराची मर्जी सांभाळावी लागत नव्हती. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईला हलवले. सुरतेचा किल्ला इंग्रजांनी १७५९ मध्ये घेतला आणि १८०० मध्ये शहराचा कारभारही.

आजच्या सुरतेत हा काळ तीन ठिकाणी पाहता येतो. नदीकाठचा किल्ला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या त्रासाला तोंड देण्यासाठी खुदावंदखानाने बांधला. त्याच्या मागच्या वस्तीत मोगलसराई आहे. १६४४ ची ही मुसाफिरांची सराई आज महानगरपालिकेचे कार्यालय आहे. वखारीची जागा याच जुन्या शहरात, किल्ल्याच्या आसपास होती.

तिसरे आणि मुख्य ठिकाण कतारगामची दफनभूमी. दाट वस्ती आणि कारखान्यांच्या मध्ये अचानक घुमटांचा समूह दिसतो. पहिल्या नजरेला हे एखाद्या मुसलमान सरदाराच्या घराण्याचे कबरस्तान वाटते. जाड खांब, टोकदार कमानी, चुन्याचा गिलावा, वर घुमट. ऑक्झिंडेन भावांचे स्मारक सर्वांत मोठे. ख्रिस्टोफर १६५९ मध्ये आणि त्याचा भाऊ जॉर्ज १४ जुलै १६६९ रोजी वारला. सुमारे चाळीस फूट उंच आणि पंचवीस फूट व्यासाच्या या इमारतीत एकावर एक असे दोन घुमट असून वरच्या सज्जात जायला पायऱ्या आहेत. ख्रिस्टोफरचा लॅटिन लेख या जागेतला सर्वांत बोलका दगड आहे. त्याचे आयुष्य तिथे खातेवहीच्या भाषेत मांडले आहे: वर्षांची नोंद करायला सवडच मिळाली नाही, दिवसांचीच झाली, आणि मृत्यूने अचानक हिशेब मागितला, मालकांनी नोकर गमावला, सोबत्यांनी सोबती, त्याने स्वतः प्राण, पण जमेच्या बाजूला मरणच धरावे, असा त्याचा आशय. व्यापाऱ्याच्या शोकाला यापेक्षा प्रामाणिक रूप सापडले नसते.

मुंबईची घडी बसवणारा जेराल्ड आँजिए ३० जून १६७७ रोजी सुरतेतच वारला. या दफनभूमीत ज्यांना इतिहासात स्थान नाही असे कारकून, त्यांच्या बायका आणि लहान मुले आहेत. उष्ण हवा, ताप आणि जुलाब यांनी इथे आलेल्या अनेक तरुणांना तिशी पाहू दिली नाही. हयातीत भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मृतांसाठी एवढे घुमट का उभारले, याचे कारण शहरातल्या इभ्रतीत आहे. मोगल सरदाराला कबर शोभते तशी आपल्या अध्यक्षालाही शोभावी, आणि शेजारच्या डचांपुढे आपण कमी दिसू नये, ही चढाओढ उघड आहे. डचांनी ती पुढे नेली. जवळच असलेल्या डच-आर्मेनियन दफनभूमीत व्हान रीडे याचे स्मारक आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा ग्रंथ त्याने सिद्ध करवला. तो डिसेंबर १६९१ मध्ये वारला. त्याच्या घुमटापुढे ऑक्झिंडेनचे स्मारकही थोडे साधे दिसते. दोन्ही जागा एकाच सकाळी पाहून होतात आणि त्या लागोपाठच पाहाव्यात.

वेळ असेल तर सुरतेच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवरचा सुवाळीचा किनारा पाहावा. तापीच्या मुखाशी गाळ असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती इथे, वाळूच्या दांड्याच्या आडोशाला नांगरत आणि माल छकड्यांतून किंवा होड्यांतून शहरात जाई. खानदेशच्या कापडाचा हिंदुस्थानातला प्रवास इथे संपे. हजीऱ्याच्या कारखान्यांमुळे हा परिसर आता पार बदलला आहे. अलेप्पोहून पायी चालत अजमेरला जहांगीरच्या दरबारी पोचलेला इंग्रज मुशाफिर टॉमस कोर्याट डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत वारला आणि त्याला सुवाळीच्या वाटेवर पुरले. कंपनीशी त्याचा नोकरीचा संबंध नव्हता. देश पाहण्यासाठी म्हणूनच तो इतक्या दूर आला होता.